पुणे विद्यापीठ नेमकं करतं तरी काय?

२०२५ ची उच्च शिक्षण संस्थांची राष्ट्रीय क्रमवारी (एनआयआरएफ) जाहीर झाली आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची घसरण झाल्याच्या बातम्या सगळीकडे आल्या. अशा बातमीनंतर दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. संगमनेरला किंवा मनमाडला बी.कॉम. करणाऱ्या मुलाच्या घरी काळजी, की आता पोराच्या पदवीची किंमत उतरली. आणि इतरत्र टोमणा, की ज्यांना निकाल वेळेवर लावता येत नाहीत त्यांचं आणखी काय होणार?

दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि दोन्हींचं मूळ एकच आहे. ही क्रमवारी लावताना विद्यापीठाच्या आवारातले विभाग मोजले जातात: तिथले प्राध्यापक, तिथले विद्यार्थी, तिथलं संशोधन. संगमनेरचं कॉलेज त्या हिशेबात येतच नाही. निकाल उशिरा लागण्याचा त्या गुणांशी थेट संबंध नाही. एकाच नावाखाली दोन वेगवेगळ्या संस्था चालतात, एक शिकवणारी आणि एक परीक्षा घेणारी. आपण मात्र दोघींना ‘विद्यापीठ’ म्हणतो आणि एकीचा राग दुसरीवर काढतो.

## शिकवायचं नाही, परीक्षा घ्यायची

१८५४ साली लंडनहून शिक्षणाविषयी एक सविस्तर खलिता आला, जो ‘वुडचा खलिता’ म्हणून ओळखला जातो. त्याला धरून १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे विद्यापीठं स्थापन झाली. नमुना होता तेव्हाच्या लंडन विद्यापीठाचा. शिकवायचं काम कॉलेजांचं. विद्यापीठानं अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. मुंबई विद्यापीठाकडे सुरुवातीला स्वतःचे वर्गही नव्हते आणि स्वतःची इमारतही नव्हती. तरीही १८६२ मध्ये त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यातलेच.

आजच्या व्यवहारातलं उदाहरण घ्यायचं तर गाडी शिकवतं ड्रायव्हिंग स्कूल आणि परवाना देतं आरटीओ. शिकवणी वाईट झाली म्हणून कोणी आरटीओशी भांडत नाही. कॉलेज आणि विद्यापीठ यांचं नातं मुळात असंच होतं, आणि बहुसंख्य विद्यार्थ्यांसाठी ते आजही तसंच आहे. या नात्याचं कायदेशीर नाव ‘संलग्नता’. म्हणजे तुमच्या कॉलेजातली मुलं आमच्या परीक्षेला बसू शकतात, अशी विद्यापीठानं दिलेली मान्यता.

पुढे १९०४ च्या कायद्यानं विद्यापीठांना स्वतः शिकवायची मुभा दिली आणि हळूहळू त्यांचे स्वतःचे विभाग उभे राहू लागले. परीक्षेचं काम मात्र कोणी काढून घेतलं नाही. आरटीओनं स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूलही काढावं, असा तो प्रकार झाला. आजचा निम्मा गोंधळ तिथून सुरू होतो.

## गणेशखिंडीत विद्यापीठ आलं कसं?

पुण्यात कॉलेजं होती, विद्यापीठ नव्हतं. इंजिनिअरिंग कॉलेज, डेक्कन कॉलेज, १८८५ चं फर्ग्युसन, सगळी मुंबई विद्यापीठाला संलग्न. पुण्याच्या विद्यापीठाचा कायदा मुंबई विधिमंडळानं १९४८ मध्ये केला आणि १० फेब्रुवारी १९४९ रोजी विद्यापीठ अस्तित्वात आलं. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. कचेरी सुरुवातीला भांडारकर संस्थेच्या आवारातल्या निजाम गेस्ट हाऊसमध्ये होती. त्याच वर्षी जूनमध्ये ती गणेशखिंडीतल्या सध्याच्या वास्तूत हलली. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी लक्ष घातल्यामुळे ४११ एकरांचं आवार मिळालं.

ही वास्तू विद्यापीठासाठी बांधलेलीच नाही. मुंबईच्या गव्हर्नरानं पावसाळ्यात पुण्याला मुक्काम करायचा, त्यासाठीचा हा बंगला. सर बार्टल फ्रिअरच्या काळात, १८६४ मध्ये, बांधकाम सुरू झालं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या तेजीतले हे दिवस. पूर्ण व्हायला १८७१ उजाडलं, तोवर तेजी ओसरून गेली होती. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून प्लेग अधिकारी रँड निघाला तो इथूनच. गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी त्याला गाठलं. आज त्याच रस्त्यावर विद्यार्थी वाहतूक कोंडीला शिव्या घालत उभे असतात.

सुरुवातीला बारा जिल्हे या विद्यापीठाकडे होते. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं आणि पुणे, अहमदनगर, नाशिक, धुळे, जळगाव एवढे पाच उरले. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं आणि धुळे-जळगाव तिकडे गेले. आता पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक असे तीन जिल्हे आहेत. शाखाही अशाच निघून गेल्या. शेतीचं शिक्षण १९६८ मध्ये राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे गेलं. १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं आणि वैद्यकीय कॉलेजं त्याच्याकडे गेली. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचं तर २०२२ च्या कायद्यानं स्वतःचंच विद्यापीठ झालं. नाव सावित्रीबाई फुले यांचं झालं ते २०१४ मध्ये.

जिल्हे आणि शाखा कमी झाल्या, पण काम कमी झालं नाही. १९४९ मध्ये १८ कॉलेजं होती. आज ती सातशेच्या घरात आहेत.

## कॉलेजच्या पाटीवरचे शब्द

कॉलेजच्या पाटीवर ‘संलग्न’, ‘स्वायत्त’, ‘अभिमत’ असे शब्द असतात. प्रवेश घेताना ते नीट वाचावेत, कारण तक्रार कुठे न्यायची हे त्यांवर ठरतं.

संलग्न कॉलेज म्हणजे अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी, तिन्ही विद्यापीठाची. कॉलेजच्या हातात शिकवणं, हजेरी आणि अंतर्गत गुण, ज्याला मुलं ‘इंटर्नल’ म्हणतात. स्वायत्त कॉलेज आपला अभ्यासक्रम स्वतः ठरवतं आणि परीक्षाही स्वतः घेतं, पण पदवीच्या कागदावर नाव विद्यापीठाचंच असतं. फर्ग्युसन हे त्याचं पुण्यातलं उदाहरण. तिथला निकाल रखडला तर विद्यापीठावर मोर्चा नेण्यात अर्थ नाही. अभिमत म्हणजे केंद्र सरकारनं विद्यापीठाचा दर्जा दिलेली संस्था, जसं टिळक महाराष्ट्र विद्यापीठ किंवा सिंबायोसिस. खासगी विद्यापीठं राज्याच्या स्वतंत्र कायद्यांनी होतात. या दोन्हींचा पुणे विद्यापीठाशी संलग्नतेचा संबंध नसतो.

आणखी एक फरक पैशाचा. अनुदानित तुकडीतल्या मान्य पदांवरच्या शिक्षकांचा पगार सरकार देतं, विनाअनुदानित तुकडीत तो फीमधून निघतो. एकाच कॉलेजात, एकाच मजल्यावर, दोन्ही प्रकारच्या तुकड्या असू शकतात. म्हणून ‘अनुदानित कॉलेज आहे ना, मग फी एवढी कशी?’ हा प्रश्न कॉलेजविषयी विचारून भागत नाही, तुकडीविषयी विचारावा लागतो.

आणि इंजिनिअरिंग, कायदा, औषधनिर्माण, एमबीए यांचे प्रवेश विद्यापीठ करत नाही. ते राज्याचा सीईटी कक्ष करतो.

## एका उत्तरपत्रिकेचा प्रवास

निकालाला उशीर का होतो, हे कळायला निफाडच्या किंवा श्रीगोंद्याच्या कॉलेजातली टी.वाय.बी.कॉम.ची एक उत्तरपत्रिका डोळ्यांसमोर आणा.

तिचा प्रवास परीक्षेच्या आधीच सुरू होतो. प्रवेशानंतर विद्यार्थ्याला पीआरएन, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक, मिळतो. तो दुसऱ्या विद्यापीठातून आला असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र वगैरे कागद दाखवून ‘पात्रता’ मंजूर करून घ्यावी लागते. मग ऑनलाइन परीक्षा अर्ज. मुलं अर्ज भरतात, फी भरतात आणि काम झालं असं समजतात. इथे पहिली ठेच लागते. तो अर्ज कॉलेजनं आपल्या लॉगिनमधून स्वीकारावा लागतो. कॉलेजच्या कार्यालयात या कामाला ‘इनवर्ड’ करणं म्हणतात. इनवर्ड राहिलं की हॉल तिकीट येत नाही, आणि हे बहुतेकदा पेपरच्या दोन दिवस आधी लक्षात येतं. म्हणून फी भरल्यानंतर आठवडाभरात कार्यालयात जाऊन विचारावं.

पेपरच्या दिवशी प्रश्नपत्रिका केंद्रावर ऑनलाइन येते आणि तिथेच छापली जाते. पूर्वी सीलबंद पाकिटं गाडीनं जायची. ती वाटेत फुटायचा धोका गेला, पण वीज, इंटरनेट आणि छपाईयंत्र यांवरचं अवलंबन वाढलं. पेपर पंधरा मिनिटं उशिरा सुरू झाला तर कारण बहुधा या तिघांपैकी एक.

पेपर सुटला की उत्तरपत्रिकांचे गठ्ठे केंद्रीय मूल्यमापन केंद्रावर जातात. शिक्षकांच्या बोलीत हे ‘कॅप’. तपासणाऱ्याला विद्यार्थ्याची ओळख कळू नये म्हणून आसन क्रमांक झाकलेला असतो. तपासणी झाली की ठरावीक प्रमाणात पेपर दुसऱ्या, अनुभवी शिक्षकाकडे फेरतपासणीला जातात. याला ‘मॉडरेशन’ म्हणतात. मग गुणांची संगणकात नोंद होते. दरम्यान कॉलेजनं इंटर्नल, तोंडी आणि प्रात्यक्षिकाचे गुण स्वतंत्रपणे भरायचे असतात. दोन्ही बाजू जुळल्या की निकाल तयार होतो.

अडतं कुठे? मोठं कारण माणसांचं. पेपर तपासायला विद्यापीठाची मान्यता असलेला शिक्षक लागतो. कित्येक वर्षं प्राध्यापक भरती रखडल्यामुळे पुष्कळ कॉलेजं तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतात. त्यांना तासाप्रमाणे पैसे मिळतात, सत्र संपलं की नेमणूक संपते, आणि तपासणी नेमकी सत्र संपल्यावर असते. कॅपला यायचं कोणी आणि कशाच्या भरवशावर? उशिराबद्दल बोलताना सगळे ‘सर्व्हर’चं नाव घेतात. मला विचाराल तर सर्व्हरपेक्षा रिकामी खुर्ची जास्त दोषी आहे.

दुसरं कारण सत्र पद्धत. पूर्वी वर्षातून एक परीक्षा होती. आता दोन, आणि प्रत्येकीला मागच्या सत्रात राहिलेल्या विषयांची मुलं जोडलेली. परीक्षा विभागाला मोकळा महिना असा मिळतच नाही.

आणि तिसरं, वैयक्तिक निकाल ‘राखीव’ राहणं. वर्गातल्या सगळ्यांचा निकाल लागतो आणि चौघांचा दिसत नाही. कारणं जवळजवळ ठरलेली असतात: कॉलेजनं इंटर्नलचे गुण भरलेले नाहीत, पात्रता मंजूर नाही, उत्तरपत्रिकेवर आसन क्रमांक किंवा विषयाचा कोड चुकला आहे. पहिल्या दोन्हींसाठी आधी कॉलेजातच जायचं. कॉलेजच्या पत्राशिवाय गणेशखिंडीला चक्कर मारली तर खिडकीवरून परत कॉलेजातच पाठवतात.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ सांगतो की शेवटच्या पेपरनंतर ३० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करा, आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या आत लावा. यंत्रणा घाईनं बदलली तर काय होतं, ते २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात दिसलं. हातात उत्तरपत्रिका घेऊन तपासण्याऐवजी त्या स्कॅन करून पडद्यावर तपासायची पद्धत एका झटक्यात सगळ्या परीक्षांना लावली. स्कॅनिंग मागे पडलं, शिक्षकांना लॉगिन मिळेनात, उत्तरपत्रिका भलत्याच विषयाकडे जाऊ लागल्या. निकाल काही महिने लांबले आणि अखेर कुलगुरूंना पद गमवावं लागलं. पडद्यावरची तपासणी वाईट नव्हती. आधी एका शाखेवर ती चालवून बघायचं राहिलं.

## गुण कमी वाटले तर

क्रम असा: आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची, ती विषय शिकवणाऱ्या शिक्षकांना दाखवायची, मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा. छायाप्रतीत दोन गोष्टी आधी बघाव्यात. एखादं उत्तर तपासायचं राहिलं आहे का, आणि आतल्या गुणांची बेरीज पहिल्या पानावर बरोबर उतरली आहे का. गुण वाढण्याची खरी शक्यता इथे असते. ‘मला दोन गुण जास्त मिळायला हवे होते’ एवढ्यावर फारसं काही हलत नाही.

यातला सापळा मुदतीचा. पुनर्मूल्यांकनाचा निकाल येण्याआधीच पुढच्या परीक्षेच्या अर्जाची तारीख संपू शकते. म्हणून राहिलेल्या विषयाचा अर्ज भरून ठेवावा. पास झालात तर परीक्षेची फी वाया जाईल, पण अर्ज न भरता नापास राहिलात तर अख्खं सत्र जाईल.

## क्रेडिट म्हणजे काय?

नव्या शैक्षणिक धोरणानंतर गुणपत्रिकेत ‘क्रेडिट’ आलं आणि घराघरांत गोंधळ झाला. क्रेडिट हे अभ्यासाच्या वेळेचं माप आहे. सत्रभरात वर्गातले १५ तास म्हणजे एक क्रेडिट. प्रात्यक्षिकाला ३० तास लागतात. दोन क्रेडिटचा विषय म्हणजे आठवड्याला साधारण दोन तास. गुण किती चांगले हे क्रेडिट सांगत नाही, विषय किती मोठा हे सांगतं.

एका सत्रात २० ते २२ क्रेडिट. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२०, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. एक वर्ष करून थांबायचं असेल तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका मिळते. मात्र मध्येच थांबणाऱ्याला त्यासाठी चार क्रेडिटचा कौशल्याचा अभ्यासक्रम जादा करावा लागतो, आणि नेमकं हेच कोणी सांगत नाही. मूल वर्षानंतर कॉलेज सोडतं आणि प्रमाणपत्र मागायला गेल्यावर कळतं की हिशेब पूर्ण नाही.

हे क्रेडिट साठतात ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या केंद्राच्या ऑनलाइन खात्यात. खात्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव एकच असेल याची खात्री पहिल्या वर्षीच करून घ्यावी. आपल्याकडे नाव-वडिलांचं नाव-आडनाव यांचा क्रम प्रत्येक कागदावर वेगळा असतो, आणि तिथेच खाती अडतात.

## मग ४११ एकरांत काय चालतं?

आता दुसरं विद्यापीठ, शिकवणारं. आवारात चाळीसहून अधिक विभाग आहेत आणि मुख्य भर पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनावर. प्रवेशाचे नियम वेगळे. मूल्यमापनही वेगळं: संलग्न कॉलेजात अंतर्गत गुणांचा वाटा ३० टक्के असतो, विभागांत तो ५० टक्के. शिकवणाराच पेपर काढतो आणि तोच तपासतो. त्यामुळे इथला निकाल कॅपच्या गठ्ठ्यांत अडकत नाही. कॉलेजात नोट्सवर बी.ए. करून आलेल्या मुलाला पहिल्या सत्रात हे जड जातं, कारण दर दोन-तीन आठवड्यांनी काहीतरी लिहून द्यायचं असतं किंवा वर्गापुढे मांडायचं असतं.

दिवस जयकर ग्रंथालयाभोवती फिरतो. अभ्यासिकेत विभागाच्या विद्यार्थ्यांइतकीच स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलंही असतात. लातूर, बीड, नंदुरबारहून आलेला मुलगा एम.ए.ला नाव घालतो, वसतिगृहाची खोली मिळवतो आणि राज्यसेवेचा अभ्यास करतो. हे उघड गुपित आहे. विभागप्रमुखांना हजेरीची चिंता, मुलाला पुण्यातल्या खोलीभाड्याची. दोघांचंही खरं असतं. वसतिगृहाच्या जागा अर्जांपेक्षा नेहमीच कमी, म्हणून खोलीत नोंदीपेक्षा एखादं अंथरूण जास्त सापडतं. त्या पाहुण्याला वसतिगृहाच्या भाषेत ‘पॅरासाइट’ म्हणतात. त्याच्यावर कारवाईची नोटीस अधूनमधून लागते आणि आठवडाभरात तो परत येतो.

जेवण रिफेक्टरीत, म्हणजे विद्यापीठाच्या भोजनगृहात. चहा आणि वाद अनिकेत कँटीनवर. ‘कमवा व शिका’ योजनेतली मुलं दिवसातले काही तास ग्रंथालयात, कार्यालयात किंवा बागेत काम करून खर्च भागवतात. मानधन तासावर मोजतात. वक्तशीर नोंदवही ठेवणाऱ्यालाच ते पूर्ण मिळतं, म्हणून सही रोजच्या रोज करावी.

सगळे विभाग गणेशखिंडीत नाहीत. पत्रकारिता आणि परदेशी भाषा फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकवल्या जातात. प्रवेशाच्या दिवशी चुकीच्या ठिकाणी पोचणारे दरवर्षी निघतात. आवारात नाटक, संगीत आणि नृत्य शिकवणारं ललित कला केंद्र आहे, १०७.४ वर विद्यावाणी हे नभोवाणी केंद्र आहे.

उलट प्रकारही आहे. आयुका ही खगोलशास्त्राची प्रसिद्ध संस्था आवारातच आहे. जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये ती उभारली, आणि चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या तिच्या वास्तूत गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन आणि आर्यभट यांचे पुतळे आहेत. नारायणगावजवळच्या खोडदची महादुर्बीण चालवणारं केंद्रही इथेच, पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्थाही इथेच. पण यातली एकही विद्यापीठाची नाही. त्यांचा पैसा आणि कारभार केंद्राच्या यंत्रणांकडे. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यांचं व्याख्यान पाच मिनिटांच्या अंतरावर मिळतं, हा मोठा फायदा. त्यांचं संशोधन विद्यापीठाच्या खात्यात मात्र धरता येत नाही.

## मग क्रमवारी घसरली म्हणजे काय झालं?

या क्रमवारीत पाच गोष्टींना गुण असतात: शिकवण्याची साधनं आणि मनुष्यबळ, संशोधन, विद्यार्थ्यांचं पुढे काय झालं, समावेशकता, आणि लोकांतली प्रतिमा. पहिल्या गटात कायम शिक्षक किती आणि एका शिक्षकामागे विद्यार्थी किती, हे मोजलं जातं. प्राध्यापक निवृत्त होतात, पद भरायला सरकारची मंजुरी लागते, ती येईपर्यंत जागा रिकामी. शिक्षक कमी झाला की पीएचडीचे मार्गदर्शक कमी होतात, मग शोधनिबंध कमी होतात, आणि दुसऱ्या गटातले गुणही घसरतात. आजचा फटका हा बऱ्याच वर्षांपूर्वी न भरलेल्या पदांचा असतो.

‘पण विद्यापीठाकडे परीक्षा शुल्काचे एवढे पैसे जमतात, त्यातून नेमावेत की शिक्षक!’ असं कोणी म्हणेल. कंत्राटी नेमतातही. पण कायम पद निर्माण करायचा अधिकार विद्यापीठाला नाही, आणि कंत्राटी शिक्षकाला मोठा संशोधन प्रकल्प मिळणं अवघड असतं.

मनमाडच्या बी.कॉम.वाल्यानं मात्र झोप उडवून घेऊ नये. त्याच्या शिक्षणाचा दर्जा त्याच्या कॉलेजात किती मान्य शिक्षक आहेत यावर ठरतो. तो आकडा विद्यापीठाच्या या क्रमवारीत नाही, पण कॉलेजात जाऊन विचारता येतो.

## संलग्नता काढूनच टाका ना!

नवं धोरण हेच म्हणतं: पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्यानं संलग्नता संपवा, कॉलेजं स्वायत्त करा. कागदावर पटतं. सातशे कॉलेजांचं ओझं उतरलं तर विद्यापीठ शिकवण्याकडे लक्ष देईल, आणि कॉलेजांना दर बदलासाठी अभ्यास मंडळाची वाट बघावी लागणार नाही.

पण सुरगाण्याच्या किंवा अकोल्याच्या, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या, कॉलेजचा विचार करा. तिथे एका विषयाला एक शिक्षक. तोच अभ्यासक्रम आखणार, तोच पेपर काढणार, तोच तपासणार आणि त्याचीच गुणपत्रिका नोकरी देणाऱ्यानं मानायची? पुण्यातल्या नावाजलेल्या कॉलेजला स्वायत्तता फायद्याची, कारण त्याचं नाव आधीच चालतं. छोट्या कॉलेजच्या पदवीला वजन येतं ते मुळात विद्यापीठाच्या नावानं. १८५७ ची रचना जुनाट आहे, पण दूरच्या तालुक्यातल्या मुलीला पुण्यातल्या मुलाच्याच प्रश्नपत्रिकेवर मापलं जाण्याची हमी तिनं दिली. शिक्षक न देता स्वायत्तता दिली तर ती हमी जाईल आणि हातात दुसरं काही पडणार नाही, असं माझं मत आहे.

## ठरवतं कोण?

कुलपती राज्यपाल असतात, कारभार कुलगुरू पाहतात. मुदत पाच वर्षं. अभ्यासक्रम अभ्यास मंडळात तयार होतो आणि विद्या परिषदेत मंजूर होतो. पैसा आणि प्रशासन व्यवस्थापन परिषदेकडे. आणि अधिसभा, जिला सगळे ‘सिनेट’ म्हणतात, ती अर्थसंकल्पावर प्रश्न विचारते.

या अधिसभेत दहा जागा नोंदणीकृत पदवीधरांमधून निवडून दिल्या जातात, त्यातल्या पाच राखीव. पदवी मिळाली म्हणून मतदार यादीत नाव येत नाही. स्वतंत्र अर्ज करावा लागतो. लाखो पदवीधरांपैकी फार थोडे तो करतात, त्यामुळे थोडक्या मतांवर जागा ठरतात आणि संघटितपणे नोंदणी करणारे गट सोयीनं निवडून येतात. नोंदणीची जाहिरात निवडणुकीच्या आधी काही महिने निघते आणि मुदत लवकर संपते. पदवी प्रमाणपत्राची प्रत, पत्त्याचा पुरावा आणि फोटो एवढं तयार ठेवलं तर तो अर्ज पंधरा मिनिटांत भरून होतो.